दर वितीला एक चूक

रंभाबाईचा माग म्हणजे चार काड्या, सूत ठोकायची एक लाकडी पात आणि तिची स्वतःची कंबर. ताण्याचं, म्हणजे उभ्या सुताचं, एक टोक परसातल्या खुंटाला बांधायचं, दुसरं कमरेच्या पट्ट्याला, आणि मागे रेलायचं. ती रेलली की सूत ताठ, ती झुकली की सैल. रोवणी-कापणीचे दिवस सोडले तर वर्षभर ती तशीच बसलेली असे. दोन बोटं रुंद नक्षीची पट्टी विणायची; कोणी ती लुगड्याच्या काठाला लावी, कोणी नवरीच्या कमरेला, कोणी पोळ्याला बैलाच्या कपाळावर बांधी. धानोऱ्याकडच्या त्या ढिवरवस्तीत पुरुष तळ्यात जाळी टाकत, म्हणून तिच्या नक्षीत माशाचे खवले असत, जाळ्याच्या गाठी असत. या नक्ष्या तिला कोणी शिकवल्या नव्हत्या.

दोन वर्षांमागे आदेश नावाचा एक माणूस चंद्रपूरहून आला होता. आपली संस्था आहे म्हणाला, हातच्या कामाला शहरात मान मिळवून देतो म्हणाला. मागावर बसलेल्या रंभाबाईचा फोटो काढला, नमुना म्हणून पट्ट्या नेल्या, आणि मग त्याचा फोन कधी लागलाच नाही.

या जानेवारीत तिच्या मुलानं, हेमराजनं, मोबाइलवर एक फोटो पाठवला. तो ऊर्जानगरला वीज केंद्रात ठेकेदाराकडे कामाला. तिथल्या वसाहतीच्या सभागृहात प्रदर्शन लागलं होतं आणि एका दुकानात पाकिटापाकिटावर त्याच्या आईचा चेहरा होता. खाली छापलं होतं, ‘रंभाबाईंच्या हातची पट्टी’. आई खूश होईल असं त्याला वाटलं. तिनं त्याच्याकडून पट्टीचा जवळून काढलेला फोटो मागवला आणि तो बोटांनी मोठा करून करून पाहिला.

एका ठिकाणी एक खवला गळालेला होता. ती चूक तिचीच होती. आदेशनं नेलेली पट्टी ती विणत होती त्या दिवशी मुखरूच्या, तिच्या नवऱ्याच्या हाताला शिंगी मासळीचा काटा लागला होता. ती अर्ध्यावरून उठली आणि परत बसताना दोन धागे चुकले. पण या पट्टीत तोच खवला पुढच्या वितीलाही गळालेला होता. त्याच्या पुढच्या वितीलाही.

“माणूस एका जागी एकदाच चुकते,” ती मुखरूला म्हणाली. “हे मशीनचं काम हाय. त्या आदेशनं माही चूक भी चोरली.”

ती ऊर्जानगरला निघाली. अर्धी विणलेली पट्टी मागासकट गुंडाळून मुखरूनं पिशवीत घालून दिली.

ऊर्जानगरला उतरल्यावर हेमराजनं तिला वाटेतच थांबवलं. आदेशचं साहेब लोकांत उठणं-बसणं आहे, उद्या ठेकेदार मलाच काढेल, असं तो काकुळतीनं सांगत राहिला. तिनं ऐकून घेतलं. लेकाचं खोटं नव्हतं, हे तिला कळत होतं.

“तुले याचं नसन तं नको येऊ,” ती म्हणाली. “मले फक्त दरवाजा दाखव.”

आदेशनं तिला ओळखलं. हात जोडले, खुर्ची दिली, संध्याकाळी शाल-श्रीफळ देऊ म्हणाला. पट्टी कोणी विणली, एवढंच तिनं विचारलं. मागणीच इतकी आहे की हातानं पुरत नाही, नाव तर तुमचंच होऊन राह्यलं ना बाई, असं तो हसत म्हणाला. ती खुर्चीत बसली नाही. त्याच्याच दुकानाच्या लोखंडी खांबाला तिनं ताणा बांधला, खाली फरशीवर बसली, कमरेला पट्टा आवळला आणि विणायला लागली.

वसाहतीतल्या बाया जमल्या. एकीनं दोन्हींत फरक काय, असं विचारलं. रंभाबाईनं तिला पाकीट फोडायला लावलं, तिच्याच वितीनं पट्टी मोजायला लावली आणि दर वितीवरचा गळालेला खवला बोटानं दाखवला. मग स्वतःच्या मागावरची पट्टी तिला हात लावून पाहायला सांगितली. मागच्या बाया पुढे सरकल्या. ज्यांनी पाकिटं घेतली होती त्यांनी ती परत टेबलावर ठेवली.

आदेशनं इसरू नावाच्या पहारेकऱ्याला बोलावलं. इसरू उतारवयाचा होता. त्यानं हलक्या आवाजात तिला उठायला सांगितलं.

“उठीन ना भाऊ. पण मले उठवाचं असन तं हे कापा लागन.” तिनं कमरेची कैची काढून त्याच्यापुढे धरली. “घ्या. कापा.”

इसरूनं कैची हातात घेतली, ताठ सुताकडे पाहिलं आणि कैची होती तशी तिच्या मांडीजवळ ठेवली.

मग आदेशचा तोल गेला. ही कोण कुठली बाई, डोकं फिरलेलं दिसतं, असं तो लोकांना सांगू लागला. गर्दीत वीज केंद्राचे लोक होते, हेमराजचा ठेकेदारही होता. हेमराज इतका वेळ दारापाशी उभा होता. तो आत आला.

“ते माही माय होय,” तो म्हणाला. “अन् तुमच्या पाकिटावरचा फोटो भी तिचाच होय.”

प्रदर्शन भरवणाऱ्यांनी दुपारी आदेशला बजावलं: फोटो काढा, नाहीतर दुकान आवरा. तो रंभाबाईजवळ उकिडवा बसला आणि तिला हिस्सा देऊ करू लागला.

“हिस्सा नाई पायजे,” ती म्हणाली. “मले माहं तोंड वापस पायजे.”

त्यानं एकेका पाकिटावरचा कागद फाडला. शेवटचा फाटेपर्यंत ती हलली नाही. मग ताणा सोडला. पाय इतके आखडले होते की हेमराजला तिला बखोट धरून उठवावं लागलं.

पुढच्या आठवड्यात ठेकेदारानं हेमराजला सामानाच्या कोठीतून काढून कोळशाची राख उपसायच्या कामावर टाकलं. त्यानं फोनवर तिला तसं सांगितलं. राग आला का माहा, असं तिनं विचारलं. खोकला येतो, राग नाही, असं तो म्हणाला. तोंडाला ओला दुपट्टा बांध, हे तिनं त्याला तीनदा सांगितलं.

वसाहतीतल्या तीन बायांनी तिचा नंबर मिळवून पट्ट्या विणायला सांगितल्या. तिघींनाही तिनं एकच उत्तर दिलं, महिनाभर लागेल, घाई असेल तर दुसरीकडून घ्या. दोघींनी फोन ठेवला. तिसरी थांबते म्हणाली, आणि तिला काठ कोणत्या रंगाचा हवा, हे रंभाबाईनं नीट विचारून घेतलं.