ढब्बूचं पथ्य

सासूबाईंचं सगळं आयुष्य इस्पितळाच्या स्वयंपाकघरात गेलं होतं. कुणाला मऊ, कुणाला अळणी, ज्याला जे मानवेल ते. पण ताटात पडायचं ते शिजून, वाफाळत. त्यामुळे ढब्बू उद्यापासून कच्चं मांस खाणार असं सूनबाईने जाहीर केलं, तेव्हा त्यांच्या हातातलं उलथनं हवेतच राहिलं.

"कच्चं? म्हणजे अगदी कच्चं?"

"हो, आई. त्याची खाज बघताय ना? खाजवून खाजवून पाठीवरचे केस गेले. ते पिशवीतलं कोरडं खाणं त्याला सोसत नाहीये. आणि कुत्र्यांचा मूळ आहार हाच."

"त्याचे पूर्वज रानात राहत असतील. हा सोफ्यावर लोळतो."

ढब्बू खरंच सोफ्यावर लोळत होता. आखूड पायांचा, पोट सुटलेला, उतारवयाला लागलेला कुत्रा. सूनबाई लग्न होऊन आली तीच त्याला काखोटीला मारून. मुलगा सतत फिरतीवर, म्हणून घरात या दोघी आणि दोघींच्या मधे हा.

सूनबाई चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची. सकाळी निघण्याआधी हातमोजे घालून कोंबडीचे तुकडे, थोडी कलेजी, मानेची हाडं असं सगळं वजन करून डब्यात भरायची आणि सांगून जायची, "आई, दुपारी एवढं फक्त त्याच्या भांड्यात ओता."

पहिल्या दुपारी सासूबाईंनी ओतलं. ढब्बूने हुंगलं, मान वर केली आणि त्यांच्याकडे असं बघितलं की त्यांना गलबलून आलं. "नको रे बघूस असं," म्हणत त्यांनी भांडं उचललं आणि सगळं पातेल्यात घालून गॅसवर चढवलं. मीठ नाही, मसाला नाही, नुसतं उकडलेलं. ढब्बूने भांडं चाटून लख्ख केलं.

मग रोजचंच झालं. सूनबाईची पाठ वळली की पातेलं चढायचं, आणि ती यायच्या आत खिडक्या उघडून वास घालवायचा. हळूहळू ढब्बूची खाज थांबली, पाठीवर मऊ लव आली.

"बघा, आई! कच्च्याचा गुण!" सूनबाई त्याचे गाल ओढत म्हणायची.

"हो बाई, तुझंच खरं," असं म्हणून सासूबाई तोंड वळवून हसायच्या.

एका दुपारी मात्र ढब्बू खाता खाता थबकला. पंजाने तोंड ओरबाडू लागला, लाळ गळायला लागली, आणि घशातून कसलासा केविलवाणा आवाज निघाला. सासूबाईंनी त्याचं तोंड उघडायला बघितलं, तो उघडू देईना. उचलायला गेल्या तर कंबर साथ देईना. शेवटी बाजाराची चाकांची पिशवी रिकामी करून त्याला तीत बसवलं, सूनबाईला फोन केला आणि पायात घरातल्याच सपाता असताना कोपऱ्यावरचा प्राण्यांचा दवाखाना गाठला.

डॉक्टरांनी ढब्बूला गुंगीचं इंजेक्शन दिलं आणि चिमट्याने टाळूत आडवी रुतलेली हाडाची कपची काढली. तेवढ्यात सूनबाई धापा टाकत आत शिरली.

"हाड शिजवलेलं होतं का?" डॉक्टरांनी विचारलं. "शिजलं की ते ठिसूळ होतं, अशा कपच्या निघतात. थोडक्यात निभावलं. पोटात गेली असती तर कठीण होतं."

"छे, आमच्याकडे कच्चंच..." सूनबाई म्हणाली आणि सासूबाईंच्या चेहऱ्याकडे बघून थांबली.

"मी उकडत होते," सासूबाई म्हणाल्या. "पहिल्या दिवसापासून. माझ्याच्याने त्याला कच्चं घालवेना गं." आणि पदराने डोळे पुसू लागल्या.

सूनबाईने ढब्बूच्या पाठीवरून हात फिरवला. "म्हणजे कोरडं खाणं बंद केल्यावर आलेली ही लव... ही तुमच्या पातेल्याची?"

"डब्याची असेल, पातेल्याची असेल," डॉक्टर म्हणाले. "कोरडं बंद झालं, तेच त्याला लागू पडलेलं दिसतंय. शिजवून देणार असाल तर खुशाल द्या, आजी. पण हाड अजिबात नको. त्याच्याऐवजी कॅल्शियम लिहून देतो."

परतताना पिशवी सूनबाई ओढत होती. आतून ढब्बूचं झिंगलेलं डोकं बाहेर लोंबत होतं.

"रागावलीस?" सासूबाईंनी विचारलं.

"रागावले ना. मला सांगितलं असतंत तर हाडं मीच काढली असती." थोडं चालल्यावर ती म्हणाली, "खरं सांगू? रोज सकाळी ती कलेजी हातात घेताना मला मळमळायचं."

सासूबाई भर रस्त्यात थांबून हसायला लागल्या. सूनबाईलाही हसू आवरेना.

घरी आल्यावर सासूबाईंनी भात अगदी मऊ शिजवून, निववून ठेवला. गुंगी उतरल्यावर ढब्बूला बोटाने थोडा थोडा भरवला. सूनबाई शेजारी फरशीवर बसून त्याची पाठ चोळत होती.

"तू दुपारी जेवलीस का?" सासूबाईंनी विचारलं.

"कुठलं? डबा दुकानातच राहिला."

"मग हात धू. तुझ्यापुरता वेगळा काढलाय, मीठ घालून."