तुमच्याच तोंडचा

टीव्ही भिंतीवर बसला, सुरू झाला, रंगही छान दिसले, आणि मग त्यानं पासवर्ड मागितला.

"सांगा काका," टीव्ही बसवणारा रिमोट हातात धरून म्हणाला.

मला सांगता आला नाही. घरातलं वायफाय माझ्या बायकोनं घेतलं होतं. तिनंच त्याला नाव दिलं होतं, पासवर्डही तिनंच ठेवला होता. माझ्या फोनमध्ये तिनं तो एकदा घातला, आणि त्यानंतर मला कधी त्याची गरज पडली नाही. ती हिवाळ्यात गेली. नवा टीव्ही मुलीनं पाठवला होता, माझ्या सासूबाईंसाठी. फोनवर नात बोलायला लागली की सासूबाई फोन डोळ्याला लावायच्या आणि म्हणायच्या, "हिचं नाक तेवढं दिसतंय. बाकी पोरगी कुठंय?"

"तुमच्या फोनमध्ये असेल की साठवलेला," तो म्हणाला.

माझा फोन जुना. त्यानं बघितलं तर नुसती टिंबं दिसत होती. मुलीनं मध्यंतरी फोन बदलला तेव्हा तिच्याकडचा पासवर्ड पुसला गेला होता. राहिला बायकोचा फोन. तो तिच्या बोटानं उघडायचा.

हे मी सांगितलं तेव्हा त्यानं रिमोट खाली ठेवला. भला माणूस होता. मग म्हणाला, "काही हरकत नाही. वायफायच्या त्या डबीला मागं बारीक भोक असतं. टाचणी घालून दाबून धरलं की सगळं कोरं होतं. नवीन नाव, नवीन पासवर्ड. पुढच्या गल्लीत एक टीव्ही बसवायचाय, तो बसवून येतो आणि करून देतो."

"सगळं म्हणजे काय काय जाईल?"

"जे कुणी ठेवलंय ते सगळं."

तो पिशवी घेऊन गेला, आणि मी दाराच्या वर लावलेल्या त्या डबीकडे बघत उभा राहिलो.

लोकांना ती डबी दिसते. मला त्या दिवसाचा सगळा गोंधळ आठवतो. वायफाय लावायला आलेला माणूस डबी हॉलच्या कोपऱ्यात ठोकून मोकळा होणार होता. हिनं त्याला थांबवलं. फोन हातात धरून ती घरभर फिरली, स्वयंपाकघरात, आतल्या खोलीत, बाल्कनीत, अगदी मोरीतसुद्धा. कुठं रेंजच्या किती काड्या दिसतात ते तोंडानं म्हणत होती. लोखंडी कपाटाच्या पलीकडे काड्या कमी होतात हे तिनं शोधून काढलं. "कपाट हलणार नाही, तर डबी हलेल," म्हणाली. शेवटी मधल्या दाराच्या वरची जागा तिला पटली. मी काचेच्या दुकानात काम करायचो. तिथून जाड काचेची एक पट्टी आणून तिला तिथं फळी करून दिली. आजही आमच्या घरात एका कोपऱ्यात काड्या जास्त आणि दुसऱ्यात कमी, असं नाही.

आणि नाव? शेजारच्यांची नावं टीव्हीवर ओळीनं दिसत होती. कुणी स्वतःचं आडनाव ठेवलंय, कुणी 'हात लावू नका'. आमच्या वायफायचं नाव adagaL. अडगळ. मी विचारलं होतं, असलं कसलं नाव? तर म्हणाली, "अहो, अडगळीत कोण चोर शिरतोय?"

शेवटचं अक्षर मोठं का, हेही सांगायला हवं. ही छापखान्यात मुद्रितं तपासायची. दुसऱ्यांच्या चुका काढणं हेच तिचं काम, आणि ते ती कामावर ठेवून घरी येत नसे. औषधाच्या खोक्यावर चूक, डाळीच्या पिशवीवर चूक. जिन्यात कुणी 'क्रुपया दार लावा' असं लिहिलं होतं. दुसऱ्या दिवशी ते 'कृपया' झालं होतं, तेही लाल शाईत. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायची वेळ आली तेव्हा तिनं स्वतःचे नियम केले. आ असेल तर दोन a. ळ आणि ण असेल तर मोठं अक्षर. मुलीला संदेश पाठवतानाही तसंच. मुलगी चिडायची, "आई, सगळं जग कसंही लिहितं." ही म्हणायची, "जगाचं मी तपासत नाहीये. माझं मी लिहितेय."

ती गेल्यावर तिच्या साड्या मुलीनं वाटून टाकल्या. तेच बरोबर होतं. पलंगाची दिशा बदलली, कारण सासूबाईंना उजेड तोंडावर नको होता. तेही बरोबर होतं. पण तिनं लावलेलं आणि तिच्यामागं तसंच चालू असलेलं घरात आता फारसं काही नव्हतं. ती डबी होती. टाचणी घातली की संपलं.

"नुसते बघत काय बसलात, जावईबापू?" सासूबाई आरामखुर्चीतून म्हणाल्या. त्यांना कमी दिसतं, पण माणूस कुठं बघतोय ते कसं कळतं देव जाणे. "तो यायच्या आत शोधा की."

"शोधू कुठं, आई? कागदावर लिहून ठेवणाऱ्यातली ती नव्हती."

"तुम्हाला काहीच बोलली नव्हती?"

बोलली होती. मी विचारलं होतं, काय ठेवलास? ती म्हणाली, "तुमच्याच तोंडचा आहे." आणि हसली. मी पुढं विचारलं नाही. तेव्हा वाटलं, विचारायला काय, कधीही विचारता येईल.

सासूबाई सरळ बसल्या. "मग सोपंय. तुमच्या तोंडात काय काय असतं?"

"विशेष काही नसतं."

"ते खरंय. तरी पण."

मी रिमोट घेतला. टीव्हीवर अक्षरांची पाटी येते आणि बाणाची बटणं दाबत दाबत एकेका अक्षरापर्यंत जावं लागतं. मुंगीनं साखर न्यावी तसं. मी आधी 'बरं' टाकलं, कारण मी बरं फार म्हणतो. टीव्ही म्हणाला, निदान आठ अक्षरं पाहिजेत. 'बघू'ही तसंच गेलं. 'चहा टाकतेस का' टाकलं. हे मी रोज म्हणायचो. चाक फिरलं आणि उत्तर आलं, पासवर्ड चुकीचा.

"काय टाकलंत?"

मी सांगितलं.

"ती रोज चहा टाकायची, तेवढं पुरे होतं. पासवर्डातपण चहाच करायला लावणार होता का तिला?"

मग त्याच म्हणाल्या, "अहो, ते तुमचं 'नुकसान नको' टाका बघू. सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत तेच चालू असतं. कपबशी उचलली, नुकसान नको. खिडकी लावली, नुकसान नको."

मला एकदम पटलं. जन्मभर काच कापली. काचेच्या दुकानात हा एकच मंत्र असतो. दुकानातून घरी आलो, पण तो तोंडातून सुटला नाही. घरात कुणी काही उचललं की मी आतल्या खोलीतून ओरडतो. आमच्या घरात स्टीलचीच भांडी जास्त, तरी ओरडतो.

मी हिचे नियम आठवून, दोन a विसरू न देता, एकेक अक्षर लावलं. nuksaannako. चाक फिरलं.

पासवर्ड चुकीचा.

मध्ये जागा सोडून बघितलं. पहिलं अक्षर मोठं करून बघितलं. न च्या जागी ण समजून बघितलं, म्हणजे ती जिवंत असती तर या एका चुकीवर मला दिवसभर बोलली असती. सगळीकडे तेच उत्तर.

मी रिमोट खाली ठेवला. "जाऊ द्या आई. येईल तो, करील कोरं. डबीच तर आहे."

हे बोलताना माझा आवाज मला बरोबर वाटला नाही. सासूबाईंनाही वाटला नसावा. एरवी त्यांनी यावर काहीतरी खवचट जोडलं असतं. त्या म्हणाल्या, "इकडे या. बसा. आता मला सांगा, तुम्ही टाकलंत काय? मला त्या पाटीवरचं दिसत नाही आणि इंग्रजी येत नाही. तोंडानं सांगा."

"तुम्ही सांगितलंत तेच. नुस्कान नको."

"परत म्हणा."

"नुस्कान नको."

"आता एकेक अक्षर सांगा. त्या टीव्हीला दिलंत तसं."

"न. उ. क…"

"थांबा. क?"

"क."

"न झाल्यावर क कुठून आला? तुम्ही म्हणता काय?"

"नुस्…" म्हटलं, आणि तोंड तसंच उघडं राहिलं.

"न झाल्यावर तुमच्या तोंडात स येतो, जावईबापू. लग्न झाल्यापासून ऐकतेय मी. नुस्कान. काखेत कळसा आणि गावाला वळसा."

मला खरंच माहीत नव्हतं. पावतीवर, पाटीवर मी तो शब्द नीट वाचत होतो, नीट लिहीतही होतो. इथंही बघा, नीटच लिहिला आहे. पण तोंडातून दुसराच निघत होता आणि माझ्या कानाला दोन्ही एकच वाटत होते. इतकी वर्षं कुणी बोललं नाही. दुकानातले सगळे तसंच म्हणायचे. आणि घरात? घरात जिन्यावरच्या चुकासुद्धा लाल शाईनं दुरुस्त करणारी बाई होती.

"तिनं मला कधी सांगितलं कसं नाही?"

"मी विचारलं होतं तिला. म्हटलं, अख्ख्या दुनियेचे कान धरतेस, मग नवऱ्याचा का सोडलास? तर म्हणाली, आई, ते कुठं छापून यायचंय? घरातच राहणार आहे. असू दे. मला आवडतं ऐकायला."

सासूबाईंनी हे डाळ-तांदळाचं बोलावं तसं सांगितलं. मी त्यांच्याकडे बघू शकलो नाही, म्हणून रिमोट घेतला.

या वेळी मी डोक्यानं टाकलं नाही. एकेक तुकडा आधी तोंडानं म्हटला आणि मग बोटानं शोधला. नु. स्. का, म्हणजे दोन a. न. पुढं नको. nuskaannako. चाक फिरलं. जरा जास्तच फिरलं असं मला वाटलं. मग चाक गेलं आणि त्या जागी बरोबरची खूण आली.

"काय झालं?"

"लागलं, आई."

त्यांनी हात लांब केला, मी तो धरला. त्यांचा हात थंड असतो. मग त्या म्हणाल्या, "पण डोकं बघा कार्टीचं. तुम्ही खिडकीत उभं राहून ओरडायचात, खालपर्यंत ऐकू जायचं. सगळ्या इमारतीला पासवर्ड रोज ओरडून सांगत होतात, आणि एकाला तरी कळला का?"

मी विचार केला आणि मला हसूच आलं. कुलूप तिनं लावलं आणि किल्ली माझ्या जिभेवर ठेवली. मला कळू न देता. आणि माणसं कशी असतात हे तिला इतकं पक्कं माहीत होतं की ज्याला कुणाला हा पासवर्ड ऐकून चोरायचा होता, त्यानंसुद्धा तो दुरुस्त करूनच टाकला असता. मी तेच केलं की. एवढी हुशार बाई माझ्याबरोबर या दोन खोल्यांत राहिली, माझा डबा भरला, वर माझं ऐकत बसायला तिला आवडत होतं. मला वाटायचं, तिचं माझ्यावाचून अडत असेल तर ते फक्त जड वस्तू हलवायला.

तेवढ्यात टीव्ही बसवणारा परत आला. "चला काका, टाचणी द्या."

"नको. मिळाला."

"अरे वा. कुठं लिहिलेला सापडला?"

"सापडला नाही. ऐकला," सासूबाई म्हणाल्या.

त्याला ते कळलं नाही, पण त्यानं विचारलंही नाही. टीव्ही चालू आहे ना ते बघितलं. मग फोन काढून घरभर एक चक्कर मारली, आतल्या खोलीतही गेला. "सगळीकडे सारखं येतंय. असं सहसा नसतं हो. कुणी बसवलं?"

"बायकोनं."

"अस्सं? त्यांचा हात चांगला होता." मग खुर्चीवर चढून टीव्हीच्या वरचा एक बोल्ट पान्यानं पक्का करायला लागला. "तुमचा पासवर्ड सांगून ठेवा, पुढच्या वेळी कुणी आलं तर अडायला नको. माझ्या फोनात टाकतो."

"तो सांगायचा नाही," सासूबाई म्हणाल्या. "घरातला आहे."

"बरं आजी, नका सांगू," तो हसून म्हणाला, आणि हसताना त्याचा पाय खुर्चीच्या कडेवर सरकला. पाना हातातून सुटून टीव्हीच्या काचेवरून घसरत खाली आला.

"अहो, नुस्…" मी ओरडलो आणि तिथंच तोंड गच्च मिटलं.

तो खुर्ची धरून माझ्याकडे बघत राहिला. "काय काका? लागलं का काही?"

मी नुसती मान हलवली. काचेला काहीही झालं नव्हतं. मागं सासूबाई तोंडाला पदर लावून हसत होत्या. खांदे हलत होते, आवाज फुटत नव्हता. ती गेल्यापासून त्यांना असं हसताना मी बघितलं नव्हतं. मी पाना उचलून त्याच्या हातात दिला.

"सांभाळून," मी म्हटलं. हा शब्द मला बरोबर म्हणता येत होता, पण तो माझा वाटला नाही.