खुशालीची ओळ

यशोदाबाईंच्या मेल शिकण्याला मुहूर्त लागला तो नवऱ्याला, सयाजीरावांना, दिवाळीत हृदयाचा झटका येऊन गेल्यावर. हृदय दमलंय, लक्ष ठेवा, असं डॉक्टरांनी सांगितलेलं. आणि एकुलती एक लेक स्वरूपा दिवसभर चाकणला, मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत. तिथं मोबाइल गेटवरच लॉकरमध्ये टाकून आत जायचं. शिफ्ट सुटेपर्यंत पोरगी जगापासून तुटलेली. टेबलावरचा कॉम्प्युटर तेवढा चालू.

"म्हणून मेल, आई. घरात काही झालं तर मला तिथं दिसेल," असं म्हणून स्वरूपानं आपला कॉलेजातला लॅपटॉप संत तुकाराम नगरच्या दोन खोल्यांत, देव्हाऱ्याशेजारच्या स्टुलावर मांडला.

पासवर्ड काय ठेवायचा, तर यशोदाबाईंनी नवऱ्याचं नाव ठेवलं. टाकताना पदर आडवा धरायच्या. सयाजीराव खाटेवरून हसायचे, "उभ्या जन्मात तोंडानं नाव घेतलं न्हाईस आन् आता बोटानं घेतीस व्हय?"

"गप पडा. डॉक्टरानं बोलायचं न्हाई सांगितलंय."

इंग्रजी अक्षरं दाबली की मराठी उमटतं, याचं त्यांना आठवडाभर नवल वाटलं. विषय लिहायचा चौकोन दिसला तेव्हा विचारलं, "ह्यात काय लिहू?"

"कशाबद्दल आहे ते लिहायचं."

"घरचं पत्र हाय, आन् कशाबद्दल!"

मग प्रत्येक मेलवर तेच: घरचे पत्र. आणि खाली पहिली ओळ ठरलेली. "चि. स्वरूपास आशीर्वाद. इकडे सर्व खुशाल आहे, काळजी नसावी." त्याच्याखाली आज गवार आणलीय, बाबांनी अर्धी भाकरी खाल्ली, नळाला पाणी आलं नाही. उत्तर यायचं, ओके.

"एवढं पानभर लिवलं आन् नुसतं ओके? शिपायानं शिक्का मारल्यावानी!"

"आई, तिथं दिवसाला शेकडो मेल येतात गं. यादीत मला फक्त वरची ओळ दिसते. मुद्द्याचं आधी लिही ना."

"वरची ओळ दिसती न्हवं? मग झालं की. खुशाली तर कळती."

ही ओळ सयाजीरावांचीच. लग्न नवं असताना ते पिंपरीत मशीनवर होते आणि यशोदाबाई गावी, दहिवडीकडं. त्यांनी नवऱ्याला लिहिलेलं पहिलं पत्र सुरूच झालं होतं, 'म्हस मेली.' सयाजीरावांनी ते जेवणाच्या सुट्टीत फोडलं आणि पुढची सगळी शिफ्ट मशीनवर चुका करत काढली. सुट्टीवर आल्यावर रागावले नाहीत. चुलीपाशी बसून म्हणाले, "पत्र वाचणारा लांब असतो, यशोदा. आधी त्याचं काळीज जाग्यावर ठिवायचं. मग काय सांगायचं ते सांग." तेव्हापासून घरात कुणाचं बाळंतपण असो की मयत, यशोदाबाईंच्या पत्रात आधी सगळं खुशालच असायचं.

त्या दिवशी कंपनीत ऑडिट होतं. परदेशातले पाहुणे यायचे म्हणून स्वरूपा पहाटेच बसला गेली होती. सकाळचा चहा झाला आणि सयाजीरावांना श्वास पुरेना. उशीला टेकून बसले तरी पुरेना. शेजारच्या सुमनताईंनी गाडी काढायला मुलाला पिटाळलं.

"लेकीला कळवते," यशोदाबाई म्हणाल्या.

"कंपनीत फोन करून बोंबाबोंब नको. ऑडिट हाय तिचं."

"फोन न्हाई, मेल करते."

बोटं अक्षरं चुकत होती, खोडत होती. खाटेवरून धापा टाकत सयाजीरावांनी विचारलं, "पयली ओळ लिवलीस का? न्हाईतर पोर घाबरंल."

"लिवली."

त्याखाली त्यांनी लिहिलं, बाबांना दम लागलाय, दवाखान्यात नेतोय, असशील तशी निघून ये. पाठवलं. गेलं म्हणून खाली अक्षरं आली. त्यांनी लॅपटॉपला हात जोडले आणि चपला घातल्या.

दवाखान्यात काचेच्या दाराशी कुणी आलं की सयाजीरावांची नजर तिकडं जायची. तोंडावर मास्क, म्हणून डोळ्यांनीच विचारायचे. यशोदाबाई सांगायच्या, "निघालीया. चाकणच्या चौकात अडकली आसंल. तिथली ट्रॅफिक तुमास्नी ठावं हाय न्हवं."

सुमनताईंनी स्वरूपाला दोनदा मोबाइल लावला, तो लॉकरमध्ये वाजत राहिला. "वहिनी, गेटचा नंबर शोधू का?"

"मेल गेलीया की, सुमनताई. वाचली आसंल तिनं. वाटंतच आसंल."

दुपारी सयाजीरावांची नजर दारावरच राहिली. डोळे डॉक्टरांनी येऊन मिटले.

स्वरूपा संध्याकाळी आली. कंपनीचा बिल्ला गळ्यातच होता. नातेवाइकांनी "उशीर कसा झाला गं?" विचारलं, तर ती पाण्याचे तांबे भरायला उठली. दहाव्याला नदीवरून परत येताना रिक्षात, बाहेर बघत एकदाच म्हणाली, "मी पाहिली होती आई, तुझी मेल. यादीत. घरचे पत्र, इकडे सर्व खुशाल आहे. म्हटलं पाहुणे गेले की चहाला निवांत वाचू."

यशोदाबाईंनी लॅपटॉपवर फडकं टाकलं ते उचललंच नाही.

स्वरूपा पुन्हा कामावर जायला लागली. पहिल्या दिवशी दारातून वळून म्हणाली, "मेल करत जा."

"काय लिवू आता?"

"काहीही. भाजीचं लिही."

घर आवरून झालं. खाट आवरायची नव्हती, तरी त्यांनी चादर झटकून परत तशीच घातली. मग फडकं काढलं. पासवर्डाशी बोटं थांबली. या वेळी पदर आडवा धरला नाही. नाव पुरं टाकलं आणि विषयाच्या चौकोनात घरचे पत्र लिहिलं. बोटं आपोआप चालली. आशीर्वादानंतर इकडे, एवढं उमटलं. पुढचं शब्द शब्द पाठ होतं, पण हात वळेना. दुसरं काही लिहावं तर सुरुवात सुचेना. म्हशीचं पत्र आठवलं, चुलीपाशी बसलेला माणूस आठवला. शेवटी होतं तेवढंच पाठवून दिलं.

उन्हं कलायच्या आत जिन्यात धावती पावलं वाजली. दार लोटून स्वरूपा आत आली. केस विस्कटलेले, छाती भात्यासारखी हलत होती.

"आई! काय झालं?"

"कुठं काय? तू कशी आलीस गं मधीच?"

"'इकडे' लिहिलंस आणि पुढं काहीच नाही!"

यशोदाबाईंनी लेकीकडं पाहिलं. तिची नजर आईवरून खाटेवर गेली आणि तिथंच राहिली.

"पुढचं मला लिवता येईना," त्या म्हणाल्या.

स्वरूपा खाटेच्या कडेला बसली. मग तिथंच, बापाच्या उशीवर तोंड ठेवून, इतक्या दिवसांत पहिल्यांदा मोठ्यानं रडली.