मुकादमांनी बांधलेली सावली

माणसाने आजवर जे जे उभारलं, राजवाडे म्हणा, धरणं म्हणा, पूल म्हणा, त्या सगळ्यांत सावली ही सर्वांत थोर गोष्ट आहे, असं मुकादमांनी एका सकाळी जाहीर केलं. बायकोने सुईत दोरा ओवता ओवता विचारलं, "मग काल बाजारात टोपी विसरून कोण आलं?"

मुकादमांनी टोपीचा विषय वाढवला नाही. एका मालवाहतूक कंपनीच्या गोदामात त्यांनी अडतीस वर्षं ट्रकांवर ताडपत्र्या बांधल्या. म्हणजे आधी स्वतः बांधल्या, आणि मुकादम झाल्यावर दुसऱ्यांनी बांधलेल्या सोडून परत बांधायला लावल्या. त्यांच्या हाताखालून गेलेलं एक पोतंही कधी भिजलं नाही. ताडपत्री ढोलासारखी ताठ पाहिजे, टिचकी मारली की वाजली पाहिजे, एवढा एकच सिद्धांत त्यांनी आयुष्यभर सांभाळला. निवृत्त होताना कंपनीने त्यांना घड्याळ दिलं. पट्टा जरा सैल होता, म्हणून त्यांनी ते कधी घातलं नाही.

सावलीचं मात्र थट्टेवारी नेण्यासारखं नव्हतं. आठ महिन्यांपूर्वी बायकोच्या गोळ्या सुरू झाल्या. आजार आटोक्यात आला, पण त्या गोळ्यांपायी ऊन वैरी झालं. जरा ऊन लागलं की अंगावर लाल चट्टे, आणि चट्टे पसरले की ताप. मागच्या खेपेला सोळा दिवस अंथरुणात गेले. जिने निम्म्या गल्लीचे कपडे शिवले ती बाई आता मागच्या खोलीत पडदे ओढून बसायची. डॉक्टर म्हणाले होते, "बाहेर न्या त्यांना, मोकळ्या हवेत, पण सावलीत." एवढं बोलून ते पुढच्या पेशंटकडे वळले. सावली कुठल्या दुकानात मिळते, हे काही चिठ्ठीवर लिहिलेलं नव्हतं.

म्हणून मुकादमांनी पावाची एक जुनी गाडी घेतली. आधीच्या मालकाने तिच्यात दोन बाकं आणि एक शेगडी बसवून तिची कॅम्पर व्हॅन केली होती. तळ्याकाठी दहा दिवस राहायचं ठरलं. मुलीने फोनवरून अट घातली, "आईला एकदा जरी ऊन लागलं ना बाबा, तर त्याच दिवशी परत यायचं. आणि ती गाडी विकून टाकायची."

"कबूल," मुकादम म्हणाले. ताडपत्री बांधण्याबाबत कुणी आपल्याला अट घालावी, याचं त्यांना हसूच आलं.

गाडीच्या सामानाच्या दुकानात गाडीला लावायची कापडी छतं तीन तऱ्हेची होती. दुकानदार पोरगेलासा होता, पण माहीतगार. "काका, हे पेटीतलं. हँडल फिरवलं की उलगडतं. हे दुसरं तंबूसारखं, गाडीपासून वेगळं उभं राहतं. आणि हे साधं. गाडीच्या टपाला ही पट्टी स्क्रूने बसवायची, कापडाची कड तिच्या खाचेत सरकवायची, पुढे दोन दांडे, दोऱ्या, खुंट्या."

"वाऱ्यात किती टिकतं?"

"वारा वाढला की गुंडाळून ठेवायचं, काका."

मुकादमांनी त्याच्याकडे दयेने पाहिलं. "वारा आल्यावर गुंडाळायचं, तर मग बांधायचं कशाला?"

दुकानदाराला गिऱ्हाईक हवं होतं, त्याने मान डोलावली. मुकादमांनी साधं छत निवडलं, कारण त्यात बांधायला सगळ्यांत जास्त होतं. दोऱ्यांबरोबर आठ रबरी कड्या आल्या. "या दोरी आणि खुंटीच्या मध्ये लावा, काका. हिसका बसला तर थोडं ताणलं जातं."

"ताणलं जातं?" मुकादम घरी येऊन म्हणाले. "हे केसांना लावायचं रबर आहे, छताला नाही!" आणि त्यांनी त्या कड्या केराच्या बादलीत टाकल्या. दुकानातल्या दोऱ्या नाजूक वाटल्या म्हणून गोदामातला जाड दोर काढला. खुंट्या लहान वाटल्या म्हणून हातभर लांबीच्या लोखंडी मेखा आणल्या.

तळ्याकाठी पहिल्याच सकाळी त्यांनी छत बांधलं. मेखा घणाने ठोकल्या, दोराला गुडघा लावून पीळ दिला आणि शेवटी टिचकी मारली. वाजलं. बायको दारातून सावकाश उतरली, खुर्चीत बसली आणि बराच वेळ नुसती पाण्याकडे बघत राहिली. मग तिने बाह्या कोपरापर्यंत वर सरकवल्या. आठ महिन्यांत पहिल्यांदा. मुकादमांनी ते पाहिलं आणि उगाच एक गाठ तपासायला निघून गेले.

दुपारी बाराच्या सुमाराला तळ्यावरून वारा उठला. आजूबाजूच्या गाड्यांवाल्यांनी आपापली छतं गुंडाळली. "आपलंही काढायचं का?" बायकोने विचारलं.

"आपलं बांधलंय," मुकादम म्हणाले.

वारा कापडाखाली शिरला. कापड हललं नाही. आख्खी गाडी मात्र हलायला लागली. शेगडीवरचं भांडं वाजलं, आणि मग करकर आवाज करत टपावरची पट्टी स्क्रूंसकट उपटून निघाली. दोर तुटला नाही. मेख हलली नाही. गाठ तर मुळीच सुटली नाही. सुटली ती गाडी.

कापड पट्टीसकट उलटून नेमकं दारावर आदळलं आणि तिथेच फडफडत राहिलं. पट्टी तलवारीसारखी फिरत होती, तिच्याखालून जाणार कोण? बायको लख्ख उन्हात उभी राहिली. पदराने तिने तोंड झाकलं, पण तो धरलेला हात उघडाच होता. मुकादम गाठीला भिडले. अडतीस वर्षांची गाठ ती, ताणाखाली दगड झालेली. नखं मोडली. गाठ जागची हलेना.

"अहो, खुर्चीला अडकवलेल्या माझ्या पिशवीत कात्री आहे!"

कात्री हातात आली. आणि मुकादम थांबले. दोर कापणाऱ्या एका हमालाला त्यांनी एकदा त्याच दिवशी घरी पाठवलं होतं. दोर सोडायचा असतो, कापायचा नसतो. त्यांनी आणखी एकदा, फक्त एकदा, गाठीत बोट घालून पाहिलं.

"कापा हो!"

त्यांनी कापला.

गाडीच्या आत भट्टी झाली होती. बायकोच्या डाव्या हातावर मनगटाच्या वर एक चट्टा उमटला होता, तळहाताएवढा. तिने शिवणाच्या डब्यातून निळा खडू काढला, कापडावर माप आखावं तशी चट्ट्याभोवती बोटभर अंतर सोडून रेघ ओढली आणि म्हणाली, "या रेघेबाहेर गेलं, तर निघायचं."

मुकादम त्या रेघेकडे बघत बसले. तेवढ्यात मुलीचा फोन आला. बायकोनेच उचलला. "अगदी मजेत आहोत. हो गं, सावलीतच बसलेय."

"खोटं कशाला बोललीस?" फोन ठेवल्यावर मुकादमांनी विचारलं.

"गाडीत ऊन आहे का? मग." मग तिने कापड पुढ्यात ओढलं. "हे तर धड आहे. पट्टी नाही तर नाही. मी कडेला चार फास शिवून देते. तुम्ही ट्रकसारखा टपावरून दोर टाकून पलीकडच्या चाकांना बांधा. ते येतं ना?"

"ते येतं," मुकादम म्हणाले. आवाज बारीक होता.

"आणि दोन बोटं ढील सोडा."

"ढील?"

"घट्ट सदरा माणसाने हात वर केला की काखेत उसवतो. चाळीस वर्षं मी गिऱ्हाइकांना हेच सांगत आले. घरातच सांगायचं राहिलं." मग जरा थांबून ती म्हणाली, "त्या रबरी कड्या लागतील."

"त्या मी केरात टाकल्या."

"मी उचलल्या. डब्यांच्या झाकणांना लावल्यात बघा."

मुकादमांनी डाळीच्या, चहाच्या, साखरेच्या डब्यांवरून एकेक कडी काढली. तास-दीड तासाने छत परत उभं राहिलं. टिचकी मारली, तर वाजलं नाही. वारा आला की कापड फुगायचं, रबर ताणलं जायचं, वारा गेला की सगळं जागच्या जागी. मुकादमांना ते बघवेना. ते दोनदा उठले.

"बसा," बायको म्हणाली.

ते बसले. तिने बाह्या आता मनगटापर्यंत ओढून घेतल्या होत्या, फक्त खडूची रेघ दिसेल इतकी डावी बाही वर होती. चार वाजले. लाली रेघेला जाऊन टेकली होती, ओलांडून गेली नव्हती. पुढचं रात्रीच कळणार होतं.

"कात्री माझ्या हातात होती," मुकादम तळ्याकडे बघत म्हणाले. "मी थांबलो."

"माहीत आहे."

"किती वेळ थांबलो?"

"मी मोजलं नाही."

"अगं, अडतीस वर्षांत मी एक पोतं भिजू दिलं नाही. लोकांचं सिमेंट, लोकांची साखर... आणि तू उन्हात उभी, आणि मी गाठ..." वारा आला, छत फुगलं, खाली बसलं.

"अहो," बायको म्हणाली.

मुकादम वळले. ती म्हणेल ते ऐकायची त्यांची तयारी होती. माफी असो, नाहीतर परतीचा हुकूम.

"साखरेवरून आठवलं. डब्यावर काहीतरी जड ठेवून या. रबर तुम्ही काढलंय, मुंग्या शिरतील."