ठिगळाखालचं घर

लग्नाला दीड वर्ष झालं तरी सुनेला या घरात कुणी चिडवत नसे. साधा कप विसळायला गेली तरी सासूबाई हातातून काढून घेत. पाहुणीला जपावं तसं सगळे जपत, आणि तेच तिला खुपे.

ती मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढायची. ग्रंथालयातल्या ‘माझं घर’ प्रदर्शनासाठी तिनं चित्रात घराची पुढची भिंत काढून टाकली आणि आतलं सगळं इमानेइतबारे रंगवलं. गोड बंद असलेल्या सासूबाई फ्रीजच्या दाराआड जॅमच्या बरणीत बोट घालून उभ्या. सासरे तोंडावर पेपर घेऊन घोरताहेत. नवरा बाथरूममध्ये दडून फोनवर पत्ते खेळतोय. आणि कोपऱ्यातल्या टेबलाशी ती स्वतः, पाठ ताठ, हातात ब्रश.

घरात एकच गहजब झाला.

“अगं, घरातली धुणी चव्हाट्यावर धुतात का? निदान बोट तरी बाहेर काढ माझं!” सासूबाई म्हणाल्या.

“मी घोरत नाही, विचार करतो,” सासरे म्हणाले.

नवऱ्यानं फक्त पोट कमी करून मागितलं.

चित्रात चूक झाली की कागदाचं ठिगळ लावून त्यावर नव्यानं काढायचं, ही तिच्या कामातली रीत. तिनं तीन ठिगळं लावली. आता सासूबाई पुस्तक वाचत होत्या, सासरे झाडांना पाणी घालत होते, आणि जन्मात झाडू हाती न धरलेला नवरा चक्क केर काढत होता. सगळे खूश. ठिगळांची फक्त वरचीच कड चिकटवलीय, हे तिनं सांगितलं नाही. कुणी विचारलंही नाही.

प्रदर्शनाला सगळं घर आलं, आणि पाच मिनिटांत बिंग फुटलं. एका आजोबांनी ठिगळाला बोट लावलं, ते वर उचललं गेलं आणि हशा पिकला. बघता बघता रांग लागली. थट्टा अंगाशी आली होती. होती नव्हती ती मायाही आता गेली, असं तिला वाटलं.

सासूबाई रांग मोडून पुढे आल्या. त्यांनी चित्राकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं. मग ग्रंथपालबाईंकडून कागद, पेन्सिल आणि डिंक मागून घेतला आणि जीभ बाहेर काढून चित्र काढायला बसल्या. शाळा सुटल्यापासून त्यांनी पेन्सिल धरली नव्हती, आणि ते दिसत होतं. बटाट्याएवढं डोकं टेबलावर कलंडलेलं, तोंड उघडं, ब्रश चहाच्या कपात. ते ठिगळ त्यांनी ताठ पाठीच्या सुनेवर डकवलं.

“ही आमची सून,” त्या रांगेला म्हणाल्या. “काम आहे म्हणून दुपारी दार लावून घेते, आणि अशी झोपते. लाळसुद्धा गळते.”

सुनेचे कान लाल झाले आणि डोळे भरून आले. इतकी लाज आणि इतका आनंद तिला एकाच वेळी कधी वाटला नव्हता.

“लाळ नाही हं गळत, आई,” ती म्हणाली.

“गळते!” तिघंही एकदम म्हणाले.