पेवातला दिवा

गाडी पेवात पडली ती युवराजमुळं, हे मी आधीच सांगून ठेवते. नंतर सगळे म्हणायला लागले, जाऊ दे गं ऋतुजा, लहान आहे. लहान कसला? माझ्यापेक्षा महिन्यानं मोठा आहे, चौथीत माझ्याच बाकावर बसतो आणि रोज माझंच खोडरबर वापरतो.

दिवाळीनंतर आमच्या आफरीन मॅडमनी शाळेच्या मागच्या मोकळ्या जागेत उत्खनन काढलं होतं. म्हणजे खोटं खोटं. सुतळीनं चौकोन आखायचे, मॅडमनी पुरून ठेवलेली फुटकी मडकी आणि बांगड्या ब्रशनं हळूहळू मोकळ्या करायच्या. जिथं हात पोचत नाही तिथं बघायला गाडी. शाळेला रोबोटची पेटी मिळाली होती, तिच्यातल्या मोटारी आणि चाकं, बिस्किटाच्या डब्याचं अंग, पुढं कॅमेरा म्हणून मॅडमचा जुना मोबाईल आणि त्याच्यावर दिवा. दिवा मी जोडला होता. गाडीला जे दिसेल ते दुसऱ्या मोबाईलवर आपल्याला दिसायचं. सोमवारी ती सोलापूरच्या प्रदर्शनात जायची होती आणि तिथं ती मी चालवणार होते.

शनिवारी कडेच्या चौकोनात खणताना आमच्या वर्गातल्या सिद्धनाथची खुरपी खटकन लागली आणि खालून पोकळ आवाज आला. माती बाजूला केली तर मोठी फरशी. मॅडमनी युवराजच्या वडलांना बोलावलं. जोतीराम तात्या शाळा समितीचे अध्यक्ष आहेत, घर शाळेला लागूनच. त्यांनी पहार घालून फरशी सरकवली. आत काळोख आणि कुबट वास.

"पेव हाय," तात्या म्हणाले.

आमच्याकडं पूर्वी ज्वारी अशी जमिनीत साठवायचे. आत रांजणासारखं पोट, वर बारकं तोंड. मंगळवेढ्याकडच्या पोरांना हे कुणी शिकवावं लागत नाही, पण मॅडम सोलापूर शहरातल्या, त्यांना लई आनंद झाला. "मुलांनो, हे खरंखुरं जुनं आहे. आता कुणी हात लावायचा नाही. मी तालुक्याला फोन करून येते. तात्या, तेवढं पोरांकडं बघा." एवढं सांगून त्या रेंज शोधत पाण्याच्या टाकीकडं गेल्या.

मॅडमची पाठ फिरली आणि युवराजनं गाडी उचलली. "तात्या, सोडून बघू का? कॅमेऱ्यात दिसंल की."

"बग," तात्या म्हणाले. त्यांनाही बघायचंच होतं.

मी म्हटलं, गाडीला सुतळीची गाठ मी मारते. तर नाही. युवराज सायबांनी स्वतः गाठ मारली. गाडी निम्मी खाली गेली आणि सुतळी सुटली. धप्प आवाज आला. मी मोबाईल बघितला. गाडी तळातल्या भुसकटावर पडली होती, कॅमेरा वर तोंडाकडं, आणि दिवा चालू.

"गाठ मारता येत न्हाय तर कशाला हात लावायचा?" मी ओरडले. "गाडी आनल्याबिगर माज्याशी बोलू नगंस."

तो रडवेला होऊन तात्यांकडं बघत राहिला.

तात्या पालथे पडून आत डोकावले. त्यांचे खांदे त्या तोंडात मावणं शक्यच नव्हतं. मग त्यांनी युवराजकडं बघितलं. "उतरतूस का?"

"मॅडम हात लावू नका म्हनल्यात," सिद्धनाथ म्हणाला.

"पेवाला न्हाय लावत. गाडी तेवडी काडून घ्यायची." तात्या काही येडे नव्हते. ते आम्हाला समजावून सांगायला लागले. पेवात हवा खराब असती, मानूस मरतो. म्हणून त्यांचा आज्जा उतरायच्या आदी दोरीला कंदील बांधून सोडायचा. जळत राहिला तर हवा चोख, विझला तर उतरायचं न्हाय. "हितं तर तुमचाच दिवा जळतोय की मगापासनं. हवा चोख हाय."

त्यांनी घरून बैलाचा कासरा आणला. युवराजच्या काखेतून घेऊन छातीवर गाठ मारली, दोनदा ओढून बघितली. युवराज पाय आत सोडून बसला. मी अजून रागातच होते, म्हणून मोबाईलमध्येच बघत राहिले. पडद्यावर वरून त्याच्या चपला येताना दिसल्या.

तात्या हळूहळू कासरा सोडत होते. "दिवा हाय न्हवं?"

"हाय," मी म्हटलं.

आणि तेवढ्यात मला बादली आठवली. तो दिवा माझा होता. गेल्या आठवड्यात तो भिजला तर काय होईल ते बघायला मी तसाच पाण्याच्या बादलीत बुडवला होता. तेव्हाही तो जळत होता. पाण्यात कुठली आली हवा?

"तात्या, तो दिवा बॅटरीवर हाय."

"बरं मग?"

"त्याला हवा लागतच न्हाय. त्यो पान्यातबी जळतो. युवराजला वर घ्या, तात्या."

"गप गं. लई शानी." त्यांनी माझ्याकडं बघितलंही नाही. "युवराज, झालंच आता, थोडकं ऱ्हायलं."

पडद्यावर चपला हलत होत्या, एक पाय भिंत शोधत होता. मग एक चप्पल सुटली आणि कॅमेऱ्याशेजारी पडली. पाय हलायचे थांबले. मी डोळे मोठे करून बघितलं. पाय नुसते लोंबत होते.

तात्यांच्या हातात कासरा होता, म्हणून मी त्यांना ढकललं नाही. नाहीतर ढकललंच असतं. मी मोबाईल त्यांच्या नाकाला भिडवला. "तुमच्या पोराचे पाय बगा. हलतात का सांगा."

तात्यांनी बघितलं. "युवराज," त्यांनी हाक मारली. परत मारली. आतून काहीच नाही.

मग ते असे ओढायला लागले की कासऱ्यानं त्यांचे तळहात सोलले. युवराजचं डोकं वर आलं, छातीवर पडलेलं. पण तो शुद्धीत नव्हता, त्याचा एक हात बाजूला फाकला आणि पेवाच्या तोंडाच्या दगडाखाली अडकला. तात्या ओढतील तसं त्याचं अंग आणखी अडकायचं.

"वडू नका, थांबा," मी म्हटलं. या वेळी ते थांबले.

सिद्धनाथनं माझे पाय धरले. मी दम कोंडून आत वाकले, खांद्यापर्यंत हात घातला. त्याचं मनगट सापडेना. शर्टच हातात यायचा. डोळ्यापुढं अंधारी यायला लागली आणि मला खरंच वाटलं की आता आपणही जातोय. मग बोटं सापडली. मी त्याचा हात खाली ओढून अंगाशी लावला आणि पाय झाडले. सिद्धनाथनं मला मागं खेचलं, तात्यांनी युवराजला.

युवराज मातीवर पडला होता. ओठ काळेनिळे. छाती हलत नव्हती. तात्या नुसतं "आरं, आरं" म्हणत त्याचे गाल चोळत होते.

आफरीन मॅडम धावत आल्या. काय झालं विचारलं नाही, तात्यांना बाजूला सारलं, युवराजचं डोकं मागं केलं, नाक चिमटीत धरलं आणि तोंडानं हवा फुंकायला लागल्या. फुंकायच्या, छातीकडं बघायच्या, परत फुंकायच्या. मी मनात म्हणत होते, ऊठ रे, माझं खोडरबर कायमचं घे, पण ऊठ. किती वेळ गेला मला माहीत नाही. मग त्याला ठसका लागला आणि तो ओकला. ओकला ते बघून मी भोकाड पसरलं. मला त्याची लाज वाटत नाही.

सिद्धनाथचे काका छोटा हत्ती टेम्पो घेऊन आले. मॅडम पुढं बसून मंगळवेढ्याच्या दवाखान्याला फोन लावत होत्या. मागं तात्यांच्या मांडीवर युवराज, डोळे मिटलेला. मला कुणी चल म्हटलं नव्हतं, मीच चढले होते.

रस्त्यात तात्या माझ्याकडं न बघता म्हणाले, "तू सांगत व्हतीस."

"व्हय. सांगत व्हते," मी म्हटलं. माझा राग अजून तसाच होता. मोठ्या माणसाशी असं बोलू नये, पण बोलले.

त्यांनी मान हलवली. त्यांच्या सोललेल्या हातांना रक्त येत होतं आणि त्या हातांनी त्यांना श्वास लागतोय का ते कळत नव्हतं. एका खड्ड्यात गाडी आदळली तसे ते घाबरून माझ्याकडं वळले. "ऋतुजा, श्वास चालू हाय न्हवं? तू बग."

मी युवराजच्या नाकाखाली तळहात धरला. "चालू हाय."

पुढच्या खड्ड्याला त्यांनी परत विचारलं. मंगळवेढा येईपर्यंत विचारत राहिले. मी दर वेळी आधी हात धरून बघितलं आणि मगच सांगितलं.