फुली मारलेला पत्रा

“मेलाय,” कानसेन म्हणाले आणि त्यांनी पत्र्यावर खडूने फुली मारली.

गॅसच्या ज्योतीने पत्रे कापणाऱ्या गॅसवाल्याने मान वर केली. “हाही?”

“हाही. ठोकलं की थप म्हणतोय. जिवंत लोखंड कसं टण्ण बोलतं! याच्या पोटात नुसता गंज उरलाय.”

“सत्तावीस झाल्या की ओ फुल्या. अठ्ठेचाळीसातल्या सत्तावीस! म्हातारीचं काही खरं नाही मग.”

म्हातारी म्हणजे ती गाडी. लोखंडी पट्ट्यांवर चालणारी, कुठल्याशा जुन्या लढाईतली लष्करी गाडी. लढाई संपल्यावर कुणीतरी तिला तळ्यात ढकलून दिलं आणि ती पन्नास-साठ वर्षं गाळात सुखाने गंजत पडली. तळं आटलं तेव्हा संग्रहालयाने तिला उचलून आपल्या कारखान्यात आणलं. इंजिन, चाकं, पट्टे सगळं उतरवून झालं आणि लाकडी ठोकळ्यांवर उरलं ते तिचं नुसतं धड, तांबडं, खपल्या सुटलेलं, खोलीएवढं. कारखान्याच्या मुख्य बाईंनी त्यावर अठ्ठेचाळीस चौकोन आखून दिले होते. एकेक चौकोन हातोडीने ठोकायचा, कान देऊन ऐकायचं, आतून खाल्लेला वाटला तर फुली. जाडी मोजायचं यंत्र होतं, पण खड्डे पडलेल्या गंजावर ते तोंडाला येईल तो आकडा सांगायचं. निम्म्याहून जास्त फुल्या आल्या तर धड भंगारात जाणार आणि इंजिन तेवढं काचेच्या खोलीत मांडून ठेवणार, असं ठरलेलं. गुरुवारी समिती येऊन त्यावर शिक्कामोर्तब करणार होती.

हे ऐकण्याचं काम कानसेनांकडे आलं ते उगाच नाही. बॉयलरच्या कारखान्यात अडतीस वर्षं काढलेला माणूस. शेडच्या या टोकाला उभं राहून त्या टोकाच्या टाकीतली चीर ओळखायचा, म्हणून तर हे नाव पडलं. निवृत्त झाल्यावर दोन वर्षं घरी बसून बायकोच्या कामात चुका काढण्याचा उद्योग त्यांनी इमानेइतबारे केला. शेवटी तिने हात टेकले. तेवढ्यात इथलं बोलावणं आलं आणि दोघांचाही जीव भांड्यात पडला. गेले तीन महिने ते सकाळी घरातून शीळ घालत निघत. इतकं बरं त्यांना कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

समितीला दाखवायला नमुना हवा म्हणून गॅसवाल्याने त्या सकाळी डाव्या बाजूचा चौथा चौकोन कापायला घेतला होता. मेलेला पत्रा कापायला असा वेळ किती लागणार? पण गडी घामाघूम झाला. शेवटी तुकडा खाली पडला तेव्हा त्याने तो पालथा केला, कड जरा घासली आणि कानसेनांपुढे धरली.

“हे बघा. बोटभर जाड आहे. आतून चकचकीत.”

कानसेनांनी कडेवरून अंगठा फिरवला. “एखादा चुकतो माणूस,” ते म्हणाले. पण अंगठा पुन्हा त्याच कडेवरून फिरवला.

“चुकतो की. आम्ही तर रोज चुकतो,” असं म्हणून गॅसवाला चहाला निघून गेला. मनाचा मोठा माणूस.

तो गेला आणि दारातून बायको आली. हातात डबा, नाकावर राग.

“अहो, डबा विसरून गेलात. कोपऱ्यापर्यंत ओरडत आले मी मागून. तीन हाका मारल्या! रस्त्यातली सगळी माणसं वळून बघायला लागली. एक तुम्ही सोडून.”

“लक्ष नव्हतं.”

“कसं असेल? लक्ष सगळं इकडे.” तिने धडाभोवती एक चक्कर मारली. “ही का ती तुमची म्हातारी? माझ्यापेक्षा बरी दिसते की.”

“मस्करी पुरे. घरी जा आता.”

पण ऐकेल ती बायको कसली! ठोकळ्यावरची हातोडी तिने उचलली आणि समोरच्याच चौकोनावर एक ठेवून दिली. फुली मारलेल्याच.

“छान वाजते हो!”

“छान कसली? थप म्हणतेय.”

“थप? टण्ण म्हणतेय! अजून घुमतंय बघा.”

कानसेनांनी बघितलं. म्हणजे ऐकायचा प्रयत्न केला. “पुन्हा ठोक.”

तिने ठोकलं. हातोडी पत्र्यावरून टुणकन उडाली, हे त्यांना दिसलं. त्यांना ऐकू आलं ते मात्र थप. त्यांनी तळहात पत्र्यावर टेकला आणि तिला तिसऱ्यांदा ठोकायला सांगितलं. हाताखाली लोखंड थरथरत राहिलं, थांबेचना. मेलेला पत्रा असा थरथरत नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत?

“घुमतंय अजून?” त्यांनी विचारलं.

“आत्ता थांबलं.”

ते शेजारच्या स्टुलावर बसले. बायकोने हातोडी हळूच खाली ठेवली. तिचा राग कुठल्या कुठे गेला होता.

“वर्ष झालं,” ती म्हणाली. “दाराची घंटी वाजते आणि तुम्ही पेपर वाचत बसता. म्हटलं, स्वतःहून बोलाल कधीतरी.”

“मला वाटायचं, तू हल्ली तोंडातल्या तोंडात बोलतेस.”

“मी? तोंडातल्या तोंडात? अख्ख्या गल्लीला विचारून या!”

त्यांना हसू आलं, आणि हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. बायकोपुढे रडायची लाज त्यांनी कधीच सोडली होती. लाज वाटत होती ती त्या सत्तावीस फुल्यांची. गप्प बसलं तर कुणाला कळणार होतं? धड गुरुवारी भंगारात जाईल, वितळेल आणि चूकही सोबत वितळून जाईल. त्यांचं नाव शाबूत राहील. आणि बोललं, तर उद्यापासून घरी. कानसेनमधला कानच गेला तर उरलेल्याला कोण विचारतो? पण एवढी वर्षं गाळात तग धरून राहिलेलं चांगलं लोखंड केवळ आपल्या अब्रूसाठी भट्टीत घालायचं, हे त्यांना जमण्यातलं नव्हतं. मनुष्य बढाईखोर होता, पण लोखंडाशी कधी खोटं बोलला नव्हता.

ते उठले आणि सरळ बाईंच्या खोलीत गेले. बायको मागोमाग.

“बाई, माझ्या फुल्या धरू नका. मला वरच्या पट्टीतला आवाज ऐकू येत नाही. चांगले पत्रे मी मेले म्हणून सांगितलेत. किती, ते मलाही माहीत नाही.”

बाईंनी पेन खाली ठेवलं. “काका, तीन महिन्यांनी सांगताय हे?”

“खात्री आज झाली. शंका आधीपासून होती. मी कानाडोळा केला.”

“मी समितीला कळवून बसलेय. धड जाणार म्हणून!”

“परत कळवा. चूक माझी आहे असं स्पष्ट लिहा.”

बाई चिडल्या होत्या, आणि त्यांचं चुकत नव्हतं. खिडकीपाशी जाऊन त्या खालच्या धडाकडे बघत राहिल्या. “आज मंगळवार,” त्या म्हणाल्या. “परवा माणसं येणार. आता ठोकून ऐकणार कोण? असा कान मी आणू कुठून दोन दिवसांत?”

“मी ऐकते की,” दारातून बायको म्हणाली.

दोघांनी वळून बघितलं.

“त्यात काय एवढं? मडकं असो, भांडं असो, जन्मभर वाजवून घेतलंय मी. चिरलेलं एकही घरात आलं नाही.” मग नवऱ्याकडे हात करून म्हणाली, “न वाजवता घेतलं ते एवढंच.”

बाईंना हसू आवरेना. तिथेच काम झालं.

दोन दिवस त्या शेडमध्ये जो काही गोंधळ चालला, तो विचारू नका. बायको पदर खोचून ठोकणार, कानसेन शेजारी तळहात टेकून डोळे मिटणार. “टण्ण!” ती ओरडायची. “थरथरतोय,” ते म्हणायचे. दोघांचं जुळलं की गॅसवाला ओल्या फडक्याने फुली पुसायचा. कधी जुळायचं नाही. मग तेच भांडण, जे संसारात हजारदा झालेलं, फक्त या वेळी विषय लोखंडाचा. “तुम्हाला कधी माझं पटलंय?” ती म्हणायची, आणि ते निमूटपणे पुन्हा ठोकायला सांगायचे. बाईंनी तपासणीचा नवा तक्ता करायला लावला होता. प्रत्येक चौकोनापुढे ऐकणाऱ्याची सही. बायको दर वेळी हात पुसून, जीभ दातांत धरून, संपूर्ण नाव लिहायची.

बुधवारी संध्याकाळी फुल्या उरल्या अकरा.

गुरुवारी समिती आली, बाईंचं सगळं ऐकून घेतलं, एका गृहस्थाने स्वतः चार चौकोन ठोकून पाहिले आणि मान डोलावली. धड राहिलं. कानसेन गाडीच्या पलीकडे उभे होते. पलीकडून काय बोलणं झालं ते त्यांना ऐकू आलं नाही, पण बायकोचा चेहरा बघून सगळं कळलं.

बाईंनी त्यांना घरी पाठवलं नाही. “वेल्डिंगला कान लागतो का?” त्यांनी विचारलं.

“डोळे लागतात. ते आधी तपासून घ्या,” कानसेन म्हणाले. या वेळी कबुली आधी.

डोळे चांगले निघाले. मग त्यांनी पहिलं काम काय केलं असेल, तर तो कापलेला चौथा चौकोन परत जागेवर बसवला. कडा घासल्या, पत्रा सावकाश तापवला, एकेक वीत जोडत पूर्ण दिवस लावला. चारी बाजूंनी जोडाचा वरंबा उठून दिसत होता, सरळ आणि एकसारखा.

“झकास!” गॅसवाला म्हणाला. “आता घासून सपाट करतो. वर लांबीचा लेप भरून रंग मारला की नखालासुद्धा कळायचं नाही.”

“घासू नकोस.”

“अहो, लोक बघतील. विचारतील, इथे काय झालं म्हणून.”

“सांग त्यांना.”

गॅसवाल्याने खांदे उडवले आणि रंगाआधी सह्या पुऱ्या आहेत का ते बघायला तक्ता उचलला. वरपासून खालपर्यंत बायकोची सही होती, गोल गोल, शाळकरी अक्षरातली. चौथ्या चौकोनापुढे मात्र जुन्या तक्त्यावरची फुली जशीच्या तशी उतरवलेली, आणि ऐकणारा म्हणून कानसेनांची सही. तो तुकडा तेव्हा कापून जमिनीवर पडला होता, त्यामुळे पुन्हा ठोकायचा राहूनच गेला होता.

“ही एकच वेगळी दिसतेय,” तो म्हणाला. “आता जोडलाय, तर काकूंना बोलावून ठोकून घेऊ. तुमची खोडतो आणि त्यांची घेतो. सगळं एकसारखं होईल.”

कानसेनांनी गरम जोडावरची राख ब्रशने झटकली.

“राहू दे,” ते म्हणाले. “तो मीच ऐकला होता.”